नलूच्या तोंडची अक्षरं

मी जळकुकडी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी ‘बाई किती मोठ्या मनाच्या’ वगैरे म्हणायला नको. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ असं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा आठवली ती नलू, आणि नलू आठवली की माझ्या पोटात दुखायला लागतं. इतकी वर्षं झाली, दुखणं काही कमी होत नाही.

परवाचंच घ्या. कांदिवलीला आमच्या घराजवळ एक भाड्यानं पुस्तकं देणारा आहे. मुलांच्या जुन्या मासिकांतल्या चित्रकथा वेगळ्या काढून, एकत्र शिवून त्यांचे गठ्ठे ठेवतो. मी कादंबरी बदलायला गेले, तर काउंटरवर कॉलेजच्या तिघी पोरी हमरीतुमरीवर आलेल्या. कशावरून, तर ‘नलू नापास’चा गठ्ठा आधी कुणी न्यायचा यावरून! मासिक बंद पडून दहा-बारा वर्षं झाली. या पोरी तेव्हा फ्रॉक घालून नाक पुसत फिरत असतील.

“काय रे, नलूला एवढी मागणी?” मी दुकानदाराला विचारलं.

“नंबर लागतात काकू. पाहिजे तर तुमचं नाव लावून ठेवतो.”

“आणि ‘वीरबाला विजया’?”

“ती काय, खाली आहे. काट्याशेजारी. हव्या तेवढ्या घेऊन जा.”

काटा म्हणजे रद्दीचा काटा. आणि ‘वीरबाला विजया’ म्हणजे माझी विजया. मी काढलेली, मी रंगवलेली, वर्गात पहिली येणारी, विहिरीत उडी मारून पोरं वाचवणारी, सोन्याचे चोर पकडणारी. तिच्या दोन वेण्या मी इतक्या नीट काढायचे की त्यातले पेड मोजून घ्यावेत. ती आपली काट्याशेजारी पडलेली, आणि ती भवानी नलू काउंटरवर!

मला राहवेना. त्या पोरींतल्या एकीला मी विचारलंच, “काय गं, एवढं काय आहे त्या नलूमध्ये?”

“काकू, ती नापास होते ना, ते झकास आहे.”

“त्यात काय झकास?”

“म्हणजे, नापास होते आणि पुढच्या पानावर चहा पीत बसते. आमच्याकडे तर पंचावन्न टक्के पडले तरी घरात सुतक असतं.”

दुसरी म्हणाली, “आणि तिला कुणी सुधारत नाही शेवटी. बाकी सगळ्या गोष्टींत सुधारतात, यार.”

सोळा वर्षांची, मॅट्रिकला आपटलेली, बोलायला फटकळ पोरगी. आमच्या वेळी तिला वाचून पोरी फिदीफिदी हसायच्या. या आजच्या पोरी हसतात, पण तिला धरून बसतात. आमच्या वेळी नापास झालं तर मुलीचं लग्न लावून द्यायचे. आता मुलींनी शिकायचंही, टक्केही आणायचे, नोकरीही करायची, आणि वर कुणाला उलटून बोलायचं नाही. मग त्यांना नलू आवडणार नाही तर काय माझी विजया आवडणार? हे मला कळतं हो. पण कळलं म्हणून जळायचं थांबतं असं थोडंच आहे?

आता जरा कामाचं सांगते. अंधेरी पूर्वेला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं मासिक निघायचं. मालक, संपादक आणि लेखक एकच, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. चित्रं काढायला फिलू, म्हणजे फिलोमिना. ती मरोळ गावातली. घरची भाताची शेती, दारात कोंबड्या, आणि बोलणं आमच्यापेक्षा अस्सल मराठी. आणि अक्षरांना मी. चित्रकथेत माणसांच्या तोंडाजवळ जे गोल काढतात, ज्यात त्यांचं बोलणं लिहितात, त्याला आम्ही फुगा म्हणायचो. ते फुगे भरायचं काम माझं. बारीक निब, काळी शाई आणि श्वास रोखून धरायची सवय, एवढंच भांडवल.

मी खरं म्हणजे चित्रकार म्हणून लागले होते. ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पहिल्या श्रेणीत. फिलूनं एकही दिलेली नव्हती. पण माझी विजया काही अंक चालली आणि एक दिवस अण्णा म्हणाले, “सुमनताई, तुमचं चित्र निर्दोष असतं. पण पोरगी पानावरून उठून येत नाही हो.” आणि त्याच आठवड्यात फिलूनं कागदाच्या कपट्यावर काढलेली एक विस्कटलेल्या वेणीची, एक चप्पल तुटलेली मुलगी त्यांनी उचलली. म्हणाले, हिची कथा करू. विजया बंद झाली, मी अक्षरांना बसले. मला किती लागलं म्हणून सांगू! त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्या लेकीला, मंजूला, उगाचच एक धपाटा घातला. मंजू तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हती.

सगळीकडे रीत अशी की आधी अक्षरं लिहायची आणि मग त्यांच्याभोवती फुगा काढायचा. आमच्याकडे उलटं. कारण अण्णांचा मजकूर कधीच वेळेवर यायचा नाही. ते फिलूला तोंडी गोष्ट सांगायचे, ती घरी बसून पानं पूर्ण करायची, फुगेही अंदाजानं काढून टाकायची, आणि मग शेवटच्या दिवशी अण्णांचा मजकूर यायचा. तोही कसा, प्रवचनासारखा. आणि फिलूचे फुगे म्हणजे पेढ्याएवढे! तिला चित्र झाकायला आवडायचं नाही.

देवनागरी लिहिणं हे इंग्रजीसारखं सोपं काम नाही. वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. दोन ओळी लिहायच्या तर तीन ओळींची जागा लागते. अक्षर बारीक करावं तर छपाईचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करताना शाई भरून ठिपका होतो. म्हणजे एकच मार्ग उरतो, मजकूर कापायचा.

नलूच्या पहिल्याच भागात तिची आई कमरेवर हात ठेवून म्हणते, “नलू, तू नापास झालीस!” आणि अण्णांनी नलूच्या तोंडी घातलं होतं, “होय मातोश्री, मी अनुत्तीर्ण झाले याचा मला अत्यंत खेद होत असून यापुढे पहाटे उठून, मन एकाग्र करून, आळस झटकून मी आपल्या अपेक्षा पूर्ण करण्याचा निश्चय करीत आहे.” फुगा होता शिंक्याखाली, मांजराच्या डोक्यावर. त्यात मातोश्रीसुद्धा मावेना!

“फिलू, हे काय गं? यात काय लिहू, माझं डोकं?”

“मांजर किती चांगला आलाय बघ ना बाय. त्यावर कसा चढवू फुगा?”

“अगं पण केवढा मजकूर आहे!”

“ते तुझं काम. मी नुसती चित्रं काढते.”

ब्लॉकमेकरचा माणूस दारात उभा, अण्णा गावाला गेलेले. मी एवढी वैतागले, त्या पोरीवर, तिच्या मांजरावर, सगळ्यांवरच. निब शाईत बुडवली आणि लिहून टाकलं, “बरं. मग?”

अंक आल्यावर अण्णा माझ्यावर असे ओरडले की बाहेर चहावाला थांबला. पण पुढच्या आठवड्यात पोरींची पत्रं यायला लागली. ढीगभर पत्रं. पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत शाळाशाळांतून मुली एकमेकींना ‘बरं. मग?’ करायला लागल्या. अण्णा गप्प झाले. त्यानंतर त्यांनी मजकूर लांबच लिहिला, फिलूनं फुगे लहानच काढले, आणि मधल्या कात्रीत मी. नलूचं सगळं बोलणं, “जा, नाही सांगत”, “तुमचं झालं की सांगा”, “मी रडत नाहीये, कांदा चिरतेय”, हे सगळं माझ्या निबेतून आलं. मी कापत गेले आणि ती बोलत गेली.

पण हे माहीत कुणाला? पानाच्या खाली नावं दोन. लेखक अण्णा, चित्रं फिलोमिना. अक्षरवालीचं नाव घालायची पद्धतच नव्हती. घाटकोपरच्या एका मुलींच्या शाळेनं सत्कार ठेवला, तेव्हा अण्णांनी भाषणात सांगितलं की नलूची भाषा घडवताना त्यांना किती विचार करावा लागला. फिलूला शाल दिली. मुलींनी तिला असा गराडा घातला की ती दिसेना. आणि मी? मी मागे भिंतीला टेकून, तिची पर्स धरून उभी. एक मुलगी धावत माझ्याकडे आली, मला वाटलं आता सही मागते. म्हणाली, “तुम्ही नलूच्या बाईंची मोलकरीण का?” मी कडक इस्त्रीचं पातळ नेसून गेले होते हो!

तक्रार आली की मात्र मी पुढे. एक गृहस्थ छत्री आपटत शेडमध्ये आले. “माझी मुलगी मला ‘तुमचं झालं की सांगा’ म्हणते! बापाला! कोण लिहितं हे?” अण्णांनी लगेच माझ्याकडे बोट केलं, “मजकुरात अक्षरवाल्या बाईंकडून काटछाट होते.” त्या गृहस्थांनी मला संस्कारांवर असं काही ऐकवलं की विचारू नका. आणि मी खाली मान घालून ऐकत होते तेव्हा मनातून, खरं सांगते, गारगार वाटत होतं. निदान एका माणसाला तरी कळलं की ते माझं आहे.

फिलूवर मी जळायचे, हे उघड आहे. पण त्याहून जास्त नलूवर. कागदाची पोरगी, तिच्या तोंडात मी शब्द घालायचे आणि जग तिच्यावर फिदा. पुढे कागद महाग झाला, मासिक बंद पडलं, फिलू लग्न करून मरोळमध्येच संसाराला लागली. मी दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिराती लिहीत राहिले. नमुना म्हणून दाखवायला नलूचे अंक माळ्यावर ठेवलेले होते, तेवढेच.

सत्तरचं दशक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमची मंजू एस.एस.सी.ला बसली आणि नापास झाली. गणितात.

आमच्या घरात नापास झालेलं कुणी नव्हतं. मंजू हुशार होती, म्हणजे मास्तरही म्हणायचे. रिझल्ट लागला आणि ती गॅलरीत जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून. जेवेना, बोलेना. मग मी बोलले. एकसारखी बोलले. समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं. पहाटे उठण्याबद्दल बोलले, मन एकाग्र करण्याबद्दल बोलले, आमच्या वेळच्या हालांबद्दल बोलले. आमचे हे म्हणाले, “पोरीला जरा सोड एकटं.” तर त्यांनाही ऐकवलं. एकटं कसं सोडू? रिझल्टच्या दिवसांत पेपरात काय काय छापून येतं ते वाचत नव्हते का मी? रॉकेलचा डबा मी गुपचूप शेजारच्या मालवणकर काकूंकडे नेऊन ठेवला होता. काकूंनी काही विचारलं नाही, नुसता माझा हात धरला.

आणि एका दुपारी मी पाणी भरून वर आले तर घरातून हसण्याचा आवाज. मंजूचा! मी बादली तिथेच ठेवली. दाराच्या फटीतून बघितलं तर माळ्यावरचा गठ्ठा खाली, धूळ सगळीकडे, आणि मंजू जमिनीवर पालथी पडून नलू वाचतेय. हसतेय आणि डोळे पुसतेय.

आता कोणत्याही आईला आनंद होईल की नाही? मलाही झाला. हायसं वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी असा काही मत्सर उठला माझ्या पोटात! माझ्या पोटच्या पोरीसाठी मी घसा कोरडा केला, नवस बोलले, रात्रीची उठून तिचा श्वास बघत होते, आणि हसवलं कुणी? तर हिनं! शाळेतल्या पोरी नेल्यास, सत्कार नेलास, आता माझी मंजूही नेतेस काय गं, असं मी मनात म्हणाले. कागदावरच्या बाहुलीशी भांडले मी.

संध्याकाळी मंजू ताटावर बसून पहिलं वाक्य बोलली ते हे, “आई, हे जिनं केलंय ना, तिला मला भेटायचंय.”

‘जिनं केलंय’! मी भात वाढत होते, डाव तसाच हातात राहिला. सांगावंसं वाटलं, अगं बये, ते बोलणं माझं आहे. पण इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही, आता नापास पोरीपुढे काय फुशारकी मारायची? म्हटलं, “नेते.” आणि रविवारी नेलं.

फिलू जाड झाली होती. चर्चच्या सणासाठी पुतळ्यांना रंग देत अंगणात बसलेली, हाताला निळा रंग. मला बघून तशीच उठली आणि माझ्या पातळाला निळी बोटं लावत मिठी मारली. मंजू तिच्याकडे बघत होती, देवीकडे बघावं तशी. माझ्याकडे तिनं आयुष्यात तसं बघितलं नव्हतं.

“नलू शेवटी पास होते का हो?” मंजूनं विचारलं.

“मला काय ठाव? अण्णांनी मासिकच बंद केलं.”

“पण तुम्हाला काय वाटतं?”

“मी नसती केली पास. पास झाली असती तर मी काय काढलं असतं गं? सरळ बसलेली पोरगी काढायला मला कंटाळा येते.” ती विजयावरून मला टोमणा मारत नव्हती, तिचं बोलणंच तसं, पण मला झोंबलं ते झोंबलंच.

मंजू हसली. मग म्हणाली, “आणि ते ‘बरं. मग?’ तुम्हाला कसं सुचलं? मी रिझल्टच्या दिवसापासून असं काहीतरी कुणी म्हणेल म्हणून वाट बघत होते. मी स्वतःशी पण नाही म्हणू शकले.”

फिलू ब्रश पाण्यात हलवत होती, ती थांबली. “मला कसं सुचेल? मी पोरांवर ओरडते दिवसभर. ते हिचं. नलूचं सगळं बोलणं हिचंच. अण्णांचा मजकूर कापून ही स्वतःचं लिहायची. तुला माहीत नाही?” आणि माझ्याकडे वळून, “सुमन, तू पोरीला सांगितलं नाहीस?”

तो क्षण मी कितीतरी वर्षं मनात रंगवला होता. कुणीतरी चारचौघांत सांगेल, आणि समोरचा माणूस डोळे मोठे करून माझ्याकडे बघेल. मंजूनं बघितलं. डोळे मोठे झाले. मी पदर नीट केला.

पण ती खूश नव्हती. संतापली होती. ती फिलूला नमस्कार करून तडक बाहेर पडली. मी मागून जवळजवळ धावत बसस्टॉपवर पोचले. बस आली, आम्ही चढलो, बाजूबाजूला बसलो. चकाला आलं. मंजू माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुला असं बोलता येत होतं?”

मी तिकिटाची घडी घालत राहिले.

“मग माझ्याशी का नाही बोललीस?”

जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. “फुगा लहान असायचा गं. घरात मला कोण अडवणार होतं?”

मला वाटलं हसेल. हसली नाही. “मग आता तरी कमी बोल ना,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

मी काहीच बोलले नाही. मला ते किती जड जातं हे मला ओळखणाऱ्यांना विचारा. बस सिग्नलला थांबली, निघाली, पुन्हा थांबली.

“आई,” मंजू म्हणाली, “गणिताचा पेपर मला येत होता.”

माझ्या तोंडाशी एकदम चार वाक्यं आली. मग लिहिला का नाहीस, इथपासून सगळी. मी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

“पहिलं गणित चुकलं. मग मला तुझा आवाज ऐकू यायला लागला. खरंच, कानात. पहाटे उठ, मन लाव, आमच्या वेळी... मी हात कानावर ठेवून बसून राहिले. सुपरवायझर बाई विचारायला आल्या, बरं नाही का म्हणून. मला सांगता येईना. मग वेळ संपली. घरी आल्यावर वाटलं, आता...” ती थांबली. पुढचं तिला बोलता येत नव्हतं. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, न जाणो बघितलं तर ती गप्प होईल. तिनं माझ्या पदराचं टोक धरलं, निळे डाग पडलेलं, आणि ते बोटांनी पिळत हळूहळू पुन्हा बोलायला लागली.

अंधेरी स्टेशन आलं. सगळे उतरले. मंजू खाली बघून बोलत होती, तिला कळलंच नाही. कंडक्टर येऊन उभा राहिला. “बाई, लास्ट स्टॉप.”

मी त्याच्याकडे बघून बोट ओठावर ठेवलं, आणि परत मरोळची दोन तिकिटं काढली.